हिवाळ्यानंतरची पहिली राउंड: पटरपासून सुरुवात करा

आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या डेट्रॉइटच्या बाहेर राहतो. इथे नोव्हेंबरच्या मध्यावर गोल्फची पिशवी गराजमध्ये जाते आणि गुढीपाडव्याच्या आसपास बाहेर येते. मधले चार-साडेचार महिने थंडी-बर्फामुळे कोर्स बंद असतो. मार्चअखेरीस बर्फ वितळतो, तपकिरी गवत दिसायला लागतं आणि एका सकाळी कोर्सचा संदेश येतो की शनिवारपासून सुरू करतोय. त्या संदेशानंतर घरात बसवत नाही. मी हे सगळं लिहिते आहे ते त्या शनिवारसाठी.

काही वर्षांपूर्वी असाच संदेश आल्यावर मी थेट रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर गेले, शंभर चेंडूंची बादली घेतली आणि पहिल्याच चेंडूला ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, काढला. मॅटवर, सहा अंश तापमानात, जाडजूड जॅकेट घालून. दोन दिवसांनी कोपर धरलं. चहाचं भांडं उचलताना कळ यायची. एप्रिल गेला, अर्धा मे गेला, आमच्या गुरुवारच्या महिला लीगच्या पहिल्या पाच फेऱ्या मी बाहेरून पाहिल्या. तेव्हापासून मी दर वर्षी उलट्या क्रमाने सुरू करते. आधी पटर (चेंडू भोकाकडे लोळवायचा क्लब), मग चिप (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, म्हणजे ग्रीनवर, चेंडू टाकायचा छोटा फटका), मग वेजचा (उंच आणि आखूड मारायच्या क्लबचा) अर्धा फटका, मग आयर्न (मधल्या अंतरांचे क्लब) आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हर. गाणारी माणसं मोठ्या खंडानंतर तारसप्तकाला हात घालत नाहीत, खर्जापासून गळा उघडतात. गोल्फमध्ये पटर हा खर्ज आहे.

यामागे कारण आहे. खंड पडल्यावर आपण म्हणतो, स्विंग विसरले. माझा अनुभव वेगळा आहे. स्विंगचं मोठं वळण अंगाला आठवत असतं. जातो तो अंदाज. वीस फुटांच्या पुटला (पटरच्या फटक्याला) हात किती मागे न्यायचा, तीस यार्डांच्या चिपला चेंडू कुठे पडायला हवा, क्लब जमिनीला नेमका कुठे लागतो, या बारीक गोष्टी आधी पुसल्या जातात. आणि पहिल्या राउंडमध्ये फटके वाया जातात ते इथेच.

तीन आठवडे आधी, घरातच

पिशवी गराजमधून घरात आणा आणि पूर्ण रिकामी करा. क्लब मोजा. नियमाने चौदाच चालतात, आणि शरदात कुणाचा तरी वेज चुकून आपल्या पिशवीत राहिलेला असतो. फुटलेले टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या), ओला होऊन वाळलेला हातमोजा, मागच्या वर्षीची कार्डं काढून टाका. अंतर मोजायच्या यंत्राची बॅटरी बदला, थंडीत ती लवकर मान टाकते. बुटांच्या तळाचे स्पाइक बघा. चिखलातल्या उतारावर झिजलेले स्पाइक म्हणजे घसरणं, आणि घसरताना कंबर वाचत नाही.

सगळ्यात जास्त वेळ ग्रिपला द्या. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश. घासा, स्वच्छ पाण्याने पुसा, रात्रभर वाळू द्या. धुतल्यानंतरही ग्रिप चकाकत असेल, नखाने दाबल्यावर कडक लागत असेल, तर ती बदलायची वेळ झाली. हौशी खेळाडूने वर्षातून एकदा किंवा साधारण चाळीस राउंडनंतर ग्रिप बदलावी असं दुकानदार सांगतात ते मला पटतं. निसरडी ग्रिप आपण नकळत आवळून धरतो. आवळलेल्या मुठीने मनगट अडतं आणि सगळा भार कोपरावर येतो. माझं कोपर दुखलं त्यात मॅट आणि घाई यांच्याइतकाच त्या गुळगुळीत ग्रिपचाही हात होता.

अंगासाठी रोज दहा मिनिटं पुरतात, पण ती रोज हवीत. खुर्चीच्या कडेवर ताठ बसा, गुडघ्यांमध्ये उशी धरा, क्लब खांद्यांवर आडवा ठेवा आणि फक्त पाठीचा वरचा भाग उजवीकडे-डावीकडे वळवा, दहा-दहा वेळा. उशी घसरली तर समजा कंबर वळते आहे, पाठ नाही. मग भिंतीपासून वीतभर पुढे उभं राहून, पाठ सरळ ठेवत, नितंब मागे नेऊन भिंतीला टेकवा. चेंडूसमोर उभं राहताना हीच घडी लागते. एका पायावर तीस सेकंद उभं राहा, मग दुसऱ्या. हौशी गोल्फरांच्या दुखण्यांत कंबरेचा खालचा भाग सगळ्यात पुढे असतो. तिचं कारण बहुतेकदा हेच की पाठ आणि नितंब वळत नाहीत, म्हणून कंबरेला वळावं लागतं. ज्यांना आधीच कंबरेचं किंवा खांद्याचं दुखणं आहे त्यांनी आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावं, हे व्यायाम त्याची जागा घेत नाहीत.

पटरसाठी कार्पेट पुरतं. दोन पेले पटरच्या रुंदीपेक्षा बोटभर जास्त अंतरावर ठेवा आणि त्यांच्या मधून पटर न धडकता फिरवा. तीन-चार फुटांवर एक नाणं ठेवा आणि चेंडू त्यावरून जाऊ द्या. कार्पेटवर लांबीचा अंदाज येत नाही, ग्रीनचा वेग वेगळा असतो. पण फटक्याच्या वेळी पटरचं तोंड सरळ येतं की नाही ते इथे शंभर टक्के कळतं. पोळ्या होईपर्यंत, मुलांना झोपवल्यावर, कधीही. मी फेब्रुवारीपासूनच करते.

रेंजवर, राउंडच्या आधी तीन फेऱ्या

पहिल्या फेरीत ड्रायव्हर घरी ठेवा. खरंच घरी ठेवा, पिशवीत असला की हात जातो.

पहिली फेरी: चाळीस चेंडू. त्यांतले वीस वेजने, हात कंबरेच्या उंचीपर्यंतच नेऊन. उरलेले वीस नऊ नंबरच्या आयर्नने, खांद्यापर्यंत. चेंडू कुठे जातो यापेक्षा क्लब कुठे टेकतो ते बघा.

दुसरी फेरी, दोन-तीन दिवसांनी: साठ चेंडू. वेजपासून सुरू करून सात नंबरच्या आयर्नपर्यंत या, शेवटचे दहा हायब्रिडने (आयर्नपेक्षा लांब मारायच्या क्लबने). ताकद तीन चतुर्थांश.

तिसरी फेरी: पहिले चाळीस चेंडू तसेच, आणि आता शेवटचे दहा ड्रायव्हरने. या दहांमध्येही पूर्ण जोर लावायचा नाही. फटका संपल्यावर तीन सेकंद तोल सांभाळून उभं राहता आलं नाही, तर जोर जास्त झाला.

एप्रिलमध्ये इथल्या बहुतेक रेंजवर गवताची जागा बंद असते आणि मॅटवरूनच मारावं लागतं. मॅटचा एक मोठा दोष आहे. क्लब चेंडूच्या आधी दोन इंच टेकला तरी तो मॅटवरून घसरत पुढे जातो आणि चेंडू चांगला उडतो. आपल्याला वाटतं, छान चाललंय. ओल्या कोर्सवर त्याच फटक्याला क्लब मातीत रुततो आणि चेंडू वीस यार्ड जातो. यावर उपाय सोपा आहे. हातरुमालाची घडी करून चेंडूच्या मागे चार बोटांवर ठेवा. रुमाल हलला म्हणजे क्लब आधी टेकला. पहिल्या दिवशी रुमाल बऱ्याचदा उडेल. वजन पुढच्या पायावर लवकर न्या, छाती चेंडूच्या वर ठेवा, आणि दोन फेऱ्यांत फरक दिसेल. कोपर किंवा मनगट नाजूक असेल तर मॅटवर आयर्नसाठीसुद्धा चेंडू छोट्या टीवर ठेवा. त्यात कमीपणा नाही.

सरावाच्या ग्रीनवर जायला मिळत असेल तर रेंजसाठी ठेवलेला अर्धा वेळ तिकडे द्या. मी तीन चेंडू घेते, तीस फुटांवरून मारते, आणि भोकात जाण्याचा विचारही करत नाही. तिन्ही चेंडू एका क्लबच्या लांबीच्या आत थांबले की पुढची जागा. हा सराव राउंडमध्ये सगळ्यात जास्त कामाला येतो, कारण एप्रिलमध्ये आपण ग्रीनच्या बाहेरून आणि लांबून पुष्कळदा पुट करतो.

दिवस आणि वेळ निवडताना

दुपारची वेळ घ्या. सकाळी सातचं स्वस्त टी-टाइम (खेळ सुरू करायची राखलेली वेळ) मिळतं आणि मग कोर्सवर पोहोचल्यावर कळतं की दव गोठलंय, सुरुवात लांबली. अशा वेळी कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू नका. गवताच्या पात्यात गोठलेलं पाणी असताना त्यावर पाय पडला की बर्फाचे कण पात्याच्या पेशी फोडतात. त्या पावलांचे ठसे आधी काळपट, मग तपकिरी होतात आणि ग्रीनवर ते पुढे कित्येक दिवस दिसतात. चार जणांनी एका ग्रीनवर टाकलेली दीडदोनशे पावलं म्हणजे किती नुकसान, ते कल्पनेनेच कळेल. ऊन वर येऊन पातं ओलं होईपर्यंत थांबणं हाच इलाज आहे.

एप्रिलच्या मध्यावर इथे सूर्य रात्री आठनंतर मावळतो. म्हणजे दुपारी एकला सुरू करून अठरा होल, म्हणजे पूर्ण राउंड, सहज होतात. पण पहिल्यांदा नऊच खेळा. नऊ होलनंतर पाठ थकते, पाय जड होतात आणि वाईट सवयी लागतात त्या याच थकव्यात. २०२४ पासून हँडिकॅपच्या (खेळाडूच्या कौशल्याच्या आकड्याच्या) पद्धतीत नऊ होलची धावसंख्याही लगेच मोजली जाते, तेव्हा कार्ड वाया जाईल ही चिंता नको.

घरून निघण्यापूर्वी प्रो शॉपला (कोर्सवरच्या दुकानाला) फोन करून चार गोष्टी विचारा: गोल्फची गाडी फेअरवेवर (ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) नेता येते की फक्त रस्त्यावरूनच, ग्रीनवर भोकं पाडून वाळू टाकली आहे का, बंकर (वाळूचे खड्डे) खेळात आहेत का, आणि चेंडू उचलून पुसून ठेवायचा स्थानिक नियम लागू आहे का. या चार उत्तरांवर दिवसाचा सगळा आराखडा ठरतो.

कपड्यांबाबत एकच सांगते. एक जाड जॅकेट नको, तीन पातळ थर घ्या, आणि वरचा थर बिनबाह्यांचा असला तर उत्तम. पावसाळी हातमोज्यांची जोडी ठेवा, ओल्यात त्यांचीच पकड टिकते. थर्मासमध्ये आल्याचा चहा आणि खिशात शेंगदाण्याची चिक्की ही आमच्या चौघींची ठरलेली शिदोरी आहे. चौथ्या होलनंतर तिची किंमत कळते.

चेंडू आदल्या रात्री घरात ठेवा, गाडीच्या डिकीत नाही. थंड चेंडूचा गाभा कमी उसळतो. पण राउंड सुरू असताना हात शेकायच्या पुडीने चेंडू मुद्दाम गरम करू नका. हात शेकायला हरकत नाही. चेंडू शेकून तोच खेळणं नियमात बसत नाही आणि स्पर्धेत त्याची शिक्षा थेट बाद होणं आहे.

अंतराचा हिशेब: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

पहिल्या राउंडमध्ये आपला जीव जातो तो जुलैच्या आकड्यांवर विश्वास ठेवल्यामुळे. थंड हवा दाट असते, चेंडू मंद उसळतो, अंगावर कपडे असतात, आणि स्विंगचा वेगही कमी झालेला असतो. ढोबळ हिशेब असा की तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसने उतरलं की ड्रायव्हरच्या हवेतल्या अंतरातून साधारण दोन यार्ड जातात. जुलैत २८ अंश, एप्रिलच्या सुरुवातीला ८ अंश. वीस अंशांचा फरक, म्हणजे सात-आठ यार्ड फक्त हवेचे. मोठं नुकसान पुढे आहे. उन्हाळ्यात चेंडू कडक फेअरवेवर पडून पंधरा-वीस यार्ड धावतो. एप्रिलमध्ये तो जिथे पडतो तिथेच बसतो, कधी स्वतःच्याच खड्ड्यात.

माझं उदाहरण देते. जुलैत माझा ड्राइव्ह धावून १८० यार्ड जातो. पहिल्या राउंडमध्ये मी १५५ धरते. सात नंबरचं आयर्न उन्हाळ्यात ११५, एप्रिलमध्ये १०५. आता ३३० यार्डांचा चार पारचा, म्हणजे चार फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेला, होल घ्या. जुलैत ड्राइव्हनंतर मला १५० उरतात, हायब्रिडने मी ग्रीनच्या तोंडाशी पोहोचते. एप्रिलमध्ये १७५ उरतात, आणि तेवढं अंतर माझ्याकडे कोणत्याच क्लबने नाही. इथे बहुतेक जण तीन नंबरचं वुड (ड्रायव्हरच्या खालोखाल लांब मारायचा क्लब) काढतात, ओल्या गवतातून जोराने मारतात आणि चेंडू चाळीस यार्ड सरपटत जातो. मी सात नंबरचं आयर्न घेते, १०५ जाते, ७० यार्ड उरतात, मग वेजचा तो फटका जो मी रेंजवर वीस वेळा मारलेला असतो. ग्रीनवर तीन फटक्यांत, दोन पुट, पाच. एप्रिलमध्ये चारचा होल माझ्यासाठी पाचचाच असतो, हे मी आधीच मनात ठरवून जाते.

आयर्नने ग्रीनवर मारताना एक क्लब मोठा (सातऐवजी सहा नंबरचा) घ्या आणि सावकाश मारा. समोरून वारा असेल तर दोन. जोर वाढवून अंतर भरून काढायचा मोह होतो. त्याने चेंडूला फिरकी जास्त मिळते, तो वर चढतो आणि आणखी आखूड पडतो. आणि टी, म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा, पुढे न्या. पुढच्या रंगाच्या टीवरून खेळण्यात एप्रिलमध्ये शहाणपणा आहे. पुरुषांनाही हे लागू आहे, आणि माझ्या नवऱ्याला हे पटायला दोन वसंत लागले.

पहिल्या टीवर आणि त्याआधी

तीस मिनिटं आधी पोहोचा. गाडीजवळच दोन क्लब एकत्र धरून सावकाश दहा वेळा फिरवा, पाय हलवा, खांदे मोकळे करा. मग सरावाच्या ग्रीनवर जा. रेंजवर दहाच चेंडू, तेही वेज आणि मधला आयर्न. वेळ कमी असेल तर रेंज सोडा, ग्रीन सोडू नका.

पहिल्या टीवर ड्रायव्हर घ्यायलाच हवा असं नाही. मी हायब्रिड घेते. चेंडू फेअरवेवर असला की पहिल्या होलवरची छातीतली धडधड उतरते, आणि धडधड उतरली की हात सैल होतात. ड्रायव्हर तिसऱ्या-चौथ्या होलपासून.

ओल्या जमिनीवर

ग्रीनच्या बाजूची मऊ, भिजलेली माती हा एप्रिलचा खरा पेपर आहे. चिप करताना आपल्याला शिकवलेलं असतं की हात चेंडूच्या पुढे ठेवा. कडक जमिनीवर ते ठीक. चिखलात हात फार पुढे नेले की वेजची धारदार कड जमिनीकडे वळते आणि कुदळीसारखी रुतते. म्हणून दांडा जवळजवळ सरळ उभा ठेवा, वजन थोडं पुढच्या पायावर, चेंडू पायांच्या मध्ये. वेजच्या पोटाचा फुगीर भाग जमिनीवरून घसरायला हवा. ज्यांच्याकडे दोन वेज आहेत त्यांनी जास्त फुगीर पोटाचा, म्हणजे दहा-बारा अंशांच्या पुढचा बाउन्स असलेला वेज निवडावा.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे वेजच न काढणं. आठ नंबरचं आयर्न घ्या, पटरसारखं धरा, पुट मारल्यासारखं मारा. चेंडू दोन-तीन यार्ड हवेत, बाकी लोळत. मनगट वापरायचंच नाही, त्यामुळे रुतायचं कारणच उरत नाही. पहिल्या राउंडमध्ये ग्रीनच्या भोवती मी दहापैकी सात वेळा हाच फटका मारते.

बंकरमध्ये वाळू हिवाळ्यात भिजून घट्ट बसलेली असते. नेहमीचा सँड वेज तिच्यावर आपटून उसळतो आणि चेंडूच्या डोक्याला लागतो. अशा वाळूत तोंड फार उघडू नका, आणि कमी बाउन्सचा पिचिंग वेज बरा पडतो. चेंडू नेहमीपेक्षा जास्त पळेल हे गृहीत धरा.

आता नियम, कारण ओल्या कोर्सवर ते आपल्या बाजूने असतात आणि अनेकांना माहीत नसतात. चेंडू स्वतःच्या खड्ड्यात जमिनीच्या पातळीखाली रुतला असेल, तर बंकर आणि पेनल्टी एरिया (पाण्यासारख्या अडथळ्याची आखून दिलेली जागा) सोडून बाकी कोर्सवर फुकट सुटका मिळते. चेंडूच्या लगेच मागची जागा धरा, तिथून एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. चेंडू पुसताही येतो. पाय ठेवल्यावर पाणी वर येत असेल आणि ते साचून दिसत राहत असेल, तर ते तात्पुरतं पाणी. त्यातूनही फुकट सुटका, पूर्ण कोरड्या जवळच्या जागेपासून एका क्लबच्या लांबीत. बंकरमध्ये पाणी साचलं असेल तर फुकट सुटका बंकरच्या आतच मिळते, बाहेर यायचं तर एक फटक्याचा दंड. नुसता चिखल लागलाय म्हणून फेअरवेवरचा चेंडू उचलून पुसता येत नाही, तो स्थानिक नियम कोर्सने जाहीर केलेला असला तरच. म्हणून तो फोन. चिखल लागलेला चेंडू तसाच खेळावा लागला तर मी आखूड क्लब घेते आणि ग्रीनच्या मध्यावर मारते. चिखल उजव्या बाजूला असेल तर चेंडू डावीकडे ओढतो, असा जुन्या खेळाडूंचा अनुभव आहे आणि माझाही.

चेंडू शोधायला तीन मिनिटं असतात. बर्फाने झोपवलेल्या, पानांनी भरलेल्या रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या उंच गवतात) ती पटकन संपतात, म्हणून फटका मारताच चेंडू पडल्याची रेषा एखाद्या झाडाशी जुळवून ठेवा.

ग्रीनवर

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारच्या आसपास ऑगस्टाची मास्टर्स ही मोठी स्पर्धा टीव्हीवर संपते आणि सोमवारी आमच्याकडचे सगळे कोर्सवर येतात. डोळ्यांत जॉर्जियाच्या त्या काचेसारख्या ग्रीन असतात आणि पायाखाली मिशिगनच्या. आपल्या ग्रीनवर गवत जरा उंच ठेवलेलं असतं, जमीन मऊ असते, बर्फाखालच्या बुरशीचे फिकट गोल डाग असतात, आणि हवा खेळावी म्हणून पाडलेल्या भोकांवर वाळू असते. चेंडू सावकाश जातो, उड्या मारतो. म्हणून पुट खंबीर मारा आणि वळण कमी धरा. सावकाश ग्रीनवर जोराने मारलेला चेंडू कमी वळतो. चार फुटांचा पुट चुकला तर तो वाळूचा दोष असू शकतो. त्यावरून हात बदलू नका.

चेंडू पडून झालेला खड्डा आवर्जून बुजवा. मऊ जमिनीत तो खोल होतो. काट्याने माती खालून वर उचलू नका, त्याने मुळं तुटतात. कडेने टोचून गवत मध्याकडे ढकला आणि पटरने दाबा. आपला एक आणि शेजारचा एक, असं आमच्या चौघींचं ठरलेलं आहे.

कार्ड कसं लिहायचं

मिशिगनमध्ये हँडिकॅपसाठी धावसंख्या नोंदवायचा काळ १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर आहे. मार्चअखेरीस इथे खेळलात तर ते नोंदवायचं नाही, मनमोकळं खेळा. फ्लोरिडात जानेवारीत खेळलात तर ते नोंदवावं लागतं, कारण काळ कोर्सच्या जागेवरून ठरतो. एकट्याने खेळलेली राउंड अमेरिकेत हँडिकॅपला धरत नाहीत.

पहिल्या राउंडसाठी मी स्टेबलफोर्ड ही गुण मोजायची पद्धत सुचवेन. इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबवर १९३२ मध्ये डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी ही पद्धत सुरू केली. तुमच्या हँडिकॅपच्या हिशेबाने पारला दोन गुण, बोगीला (पारपेक्षा एक फटका जास्त) एक, बर्डीला (एक फटका कमी) तीन, आणि बोगीपेक्षा वाईट होलला शून्य. होल हातातून गेला की चेंडू उचला आणि पुढे चला. एका होलवर अकरा फटके झाले म्हणून उरलेली दुपार काळवंडत नाही, आणि मागचे चौघेही खोळंबत नाहीत.

कार्डाच्या मागे मी तीन आकडे लिहिते: क्लब आधी जमिनीला किती वेळा लागला, तीन पुट किती ग्रीनवर झाले, आणि अंतर किती वेळा आखूड पडलं. पुढच्या दोन आठवड्यांचा सराव या तीन आकड्यांवरून ठरतो. मागच्या वर्षी माझे आकडे सहा, चार, सात होते. म्हणजे रुमालाची घडी, तीस फुटांचे पुट, आणि एक क्लब मोठा. तिसऱ्या राउंडला ते दोन, दोन, तीन झाले.

पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर खेळणाऱ्या माझ्या दिराला हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, आमच्याकडे हिवाळा हा तर खेळायचा काळ. पण सप्टेंबरमध्ये पावसाची उघडीप झाल्यावर अगदी असंच असतं." थंडीचा भाग सोडला तर खरंच आहे. रुतलेला चेंडू, जड वाळू, न धावणारे फेअरवे, चिखलात घसरणारा वेज. त्याने आठ नंबरच्या आयर्नचा चिप तिथे वापरून पाहिला, आता त्याच्या चौकडीत तिघे तोच मारतात.

घरी आल्यावर

क्लब त्याच संध्याकाळी धुवा. खाचांमध्ये वाळलेला चिखल दुसऱ्या दिवशी निघत नाही. ओली पिशवी गराजमध्ये उघडी ठेवा, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घाला. गरम पाण्याने अंघोळ, पाठीचं तेच खुर्चीतलं वळणं पाच-पाच वेळा, आणि पुढचे दोन दिवस रेंजवर जाऊ नका. कोपर किंवा कंबर दुसऱ्या दिवशीही दुखत असेल तर आठवडाभर फक्त पटर.

आणि एक वही घ्या. डाव्या रकान्यात क्लबची नावं, शेजारी तारीख, तापमान आणि त्या दिवशी प्रत्यक्ष गेलेलं अंतर. माझ्या वहीत आता सहा वर्षांचे एप्रिल आहेत. या वर्षी सुरुवात ९ अंशांत झाली, सात नंबरचं आयर्न १०४ यार्ड गेलं. उजवीकडचा रकाना जुलैसाठी रिकामा ठेवला आहे.